सातविणीच्या दिवसांतले तेरा सेंटिमीटर

सोमवार, सात ऑक्टोबर, सकाळचे साडेअकरा. रक्कम एक लाख शहाऐंशी हजार रुपये. बारा बाक, प्रत्येकी साडेपंधरा हजार. हजर: आमच्या डिझाइन ऑफिसचे मालक नितीन सर, ड्रॉइंग काढणारी फिलोमिना परेरा, ड्रॉइंग तपासणारा मी, आणि भिंतीवरच्या पडद्यावर कोपनहेगनच्या कंपनीची किर्स्टन. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. तिच्या अंगात जाड लोकरी स्वेटर होता आणि मागे दिवा लावलेला होता. इकडे मरोळला आमच्या एसीतून पाणी गळत होतं. खाली ठेवलेल्या बादलीत पडणाऱ्या थेंबांचा आवाज डेन्मार्कपर्यंत जात असावा, कारण ती मधूनच कान टवकारायची.

"बसायच्या फळीची रुंदी आम्ही बेचाळीस सेंटिमीटर दिली होती," ती म्हणाली. "तुम्ही पाठवलेल्या फोटोत टेप लावलेली दिसते. पंचावन्न आहे. हे कोणी बदललं?"

बादली तेवढी बोलत होती. फिलोमिनाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग स्वतःच्या वहीकडे. नितीन सर हसून म्हणाले, "आम्ही बघून कळवतो." बदल मी केला होता.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. परवा आमच्या घाटकोपरच्या सोसायटीच्या फाटकाशी सातवीण फुलली आणि ते सगळं पुन्हा अंगावर आलं. सातवीण दिवसभर गप्प असते. उन्हात ती एक धुळकट हिरवं झाड, एवढंच. संध्याकाळी साडेसहाला ऊन सरलं की तिचा वास खाली उतरतो. गोड म्हणावा तर गोड नाही, आणि एकदा नाकात शिरला की कपाळात जाऊन बसतो. सुनंदा, माझी बायको, खिडक्या लावून घेते. खिडक्या लावल्या की उकडतं. उघडल्या की डोकं उठतं. ऑक्टोबरचे तीन आठवडे आमच्या घरात एवढ्या एका गोष्टीवरून उठबस चालू असते. गॅसचा सिलिंडर कधी लावला ते मी कॅलेंडरवर टिपतो, त्याच्याच खाली सातविणीचा पहिला वास कधी आला तेही टिपतो. त्या वर्षीची नोंद पाच ऑक्टोबरची आहे. मीटिंगच्या दोनच दिवस आधीची.

काम होतं पूर्व उपनगरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचं. बाह्यरुग्ण विभागाबाहेरचा मोठा हॉल नव्याने करायचा होता. कल्पना आणि मूळ ड्रॉइंग डेन्मार्कच्या कंपनीची. ती इथल्या सुताराला, इथल्या लाकडाला, इथल्या मापाला बसती करून प्रत्यक्ष उभी करणं आमच्याकडे. कागदावर हे अगदी सोपं दिसतं. ते आखतात, आम्ही बनवतो. पण दोन ऑफिसांमध्ये फक्त साडेतीन तासांचा फरक नसतो.

त्यांची पहिली ड्रॉइंग आली तेव्हा किर्स्टनने विचारलं होतं, "कसं वाटलं?" नितीन सर म्हणाले, "छान आहे." मीही म्हणालो, छान आहे. आपल्याकडे पाहुण्याने आणलेल्या मिठाईलाही छानच म्हणतात, खाऊन बघण्याच्या आधी. त्यांनी ते खरं धरलं. छान म्हणजे पसंत, पसंत म्हणजे पुढे जा. उलट, नितीन सरांनी जिवापाड मेहनत घेऊन एक मांडणी केली, तेव्हा किर्स्टन शांतपणे म्हणाली, "मला हे आवडलं नाही." सर दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. आणि तिची त्याच संध्याकाळची मेल तर अशी, की जणू सकाळी गप्पांचा कार्यक्रम झाला होता. "हिला काही वाटतच नाही का रे?" फिलोमिना म्हणाली. वाटत असणार. पण तिकडे नापसंती मांडणीला लागते, माणसाला लागत नाही. आपल्याकडे ती आधी माणसाला लागते, मांडणीपर्यंत पोचतच नाही.

मग नावाची गंमत. अठ्ठावीस वर्षं मी या धंद्यात आहे आणि ऑफिसात मी गायकवाड आहे. नितीन सर माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, तेही गायकवाड म्हणतात. फिलोमिना आणि मी चौदा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसतो. आमच्यात अरेतुरे आहे, तरी ती मला गायकवाडच म्हणते. किर्स्टन पहिल्या दिवसापासून "अशोक" म्हणायला लागली. आजवर मला अशोक म्हणणारी माणसं तीन: आई, थोरला भाऊ आणि गावाकडचा एक वर्गमित्र. त्यामुळे पडद्यावरून कोणी "अशोक, तुझं काय मत?" विचारलं, की मी आधी दचकायचो आणि मग मत नसल्यासारखा बसायचो.

आईचं इथे सांगितलं पाहिजे, कारण ते तेरा सेंटिमीटर तिचे होते.

आई जालन्याकडची. उंची चार फूट आठ इंच. शेवटची चार वर्षं तिला साखरेच्या तपासणीसाठी दर महिन्याला रुग्णालयात न्यायचो. नंबर यायला दोन-दोन तास लागत. बाकावर बसली की पाच मिनिटांत ती चपला काढायची आणि दोन्ही पाय वर घ्यायची. मांडी घातली की तिचा एक गुडघा फळीच्या बाहेर, हवेत. माणसं समोरून जाताना तो गुडघा चुकवून जात. "अशोक, जरा सरक रे," ती म्हणायची, पण प्रश्न बाजूच्या जागेचा नव्हताच, पुढच्या जागेचा होता. मी पुढे हात धरून बसायचो, गुडघ्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. डेन्मार्कचं ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं, मी बेचाळीस हा आकडा वाचला आणि मला तो गुडघा दिसला.

घरी एक जुना लाकडी सोफा आहे. त्यावर आई ऐसपैस मांडी घालून बसायची. मी त्याची फळी मोजली. पंचावन्न. दुसऱ्या दिवशी फिलोमिनाला म्हणालो, "फिलो, हे पंचावन्न कर."

"बाजूला लिहू का, का केलं ते?"

"काय लिहायचं त्यात? त्यांना वाईट वाटेल. आपलं आपण करून टाकू."

तिने केलं. आमच्याकडे असंच करतात. साहेबाच्या ड्रॉइंगमध्ये चूक दिसली तर ती गुपचूप दुरुस्त करायची आणि साहेबाला कळू द्यायचं नाही की चूक होती. याला आम्ही अदब म्हणतो. ज्याच्या हाताखाली मी काम शिकलो ते म्हातारे ड्राफ्ट्समन ब्लेडने ट्रेसिंगवरची शाई इतकी हलकेच खरवडत, की कागदाला ओरखडा दिसत नसे. ते मला मोठं कौशल्य वाटायचं. आजही वाटतं.

तिकडची रीत वेगळी. त्यांच्या ड्रॉइंगवर कोणीही, अगदी काल लागलेलाही, मालकाने काढलेली रेघ बदलू शकतो. मात्र बदललेल्या जागेभोवती लाल रेघेने एक ढगासारखा आकार काढायचा, त्याला नंबर द्यायचा आणि कोपऱ्यातल्या यादीत कारण लिहायचं. त्यांची काही ड्रॉइंग तर नुसती ढगाळ असत. आम्हाला ती बघून वाटायचं, किती चुका करतात हे लोक. त्यांना आमची स्वच्छ ड्रॉइंग बघून काय वाटत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता.

आणि अजून एक, जे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. कारण न लिहिण्यामागे नुसती अदब नव्हती. आमची माणसं बाकावर पाय वर घेऊन बसतात, हे कोपनहेगनला लिहून कळवायची मला लाज वाटली होती.

मीटिंगनंतरचे दिवस विचित्र गेले. नवरात्र चालू होतं. दुपारी मरोळच्या रस्त्यावर उन्हाची नुसती पांढरी चादर, संध्याकाळी मांडवांतून गरब्याची गाणी. ऑफिसात लाकडाच्या नमुन्यांना आणि गोंदाला उष्णतेने वास सुटलेला. मी मेट्रोतून उतरून चालत यायचो तेव्हा दर पावलाला ठरवायचो, आज सांगायचं. टेबलाशी बसलो की कुठलं तरी ड्रॉइंग समोर असायचं, त्यातले आकडे तपासण्यात दुपार व्हायची. फिलोमिना डब्यातला बांगडा पुढे सरकवायची, त्यांच्या घरी वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवलेल्या बाटली मसाल्याचा वास सगळ्या टेबलावर. त्या विषयावर ती चकार शब्द काढत नव्हती.

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात. एक काढणाऱ्याच्या सहीचा, एक तपासणाऱ्याच्या. नमुना-बाकांच्या ड्रॉइंगवर काढणारी म्हणून फिलोमिनाची अक्षरं होती. माझा चौकोन रिकामा. नमुन्याच्या कागदांवर मी सही करत नाही, फक्त शेवटच्या प्रतीवर करतो. हा माझा नियम, आणि तो मी इतरांना अभिमानाने सांगत असे.

गुरुवारी नितीन सरांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. किर्स्टनला पाठवायचं उत्तर. त्यात लिहिलं होतं की सदर बदल ड्रॉइंग काढणाऱ्या फिलोमिना परेरा यांच्याकडून झाला, त्या कंत्राटावर आहेत, त्यांचं कंत्राट एकतीस ऑक्टोबरला संपत असून पुढे वाढवण्यात येणार नाही.

"जरा तपासून द्या गायकवाड. स्पेलिंग वगैरे."

"सर, हे..."

"त्यांना नाव पाहिजे ना? ड्रॉइंगवर जे नाव आहे ते देऊ. आपला पुढचा टप्पा जाता कामा नये. फिलोमिनाला तीन-चार महिन्यांनी घेऊ परत."

मी कागद तपासला. स्पेलिंग बरोबर होतं. तारीख बरोबर. ड्रॉइंगचा नंबर बरोबर. वाक्यागणिक बघितलं तर मजकुरात खोटं असं काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी जे काम करत आलो त्या कामाच्या हिशेबाने तो कागद निर्दोष होता. मी म्हणालो, "उद्या देतो." आणि तो पिशवीत घालून घरी नेला.

सुनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"म्हणजे तुम्ही केलं आणि तिच्यावर ढकलताय."

"मी ढकलत नाहीये. सर ढकलताहेत."

"आणि कागद तुमच्या पिशवीत."

मी खिडकी उघडली. वास आत आला. मी खिडकी लावली. "एक काय ते करा," ती म्हणाली. खिडकीबद्दल म्हणाली की कागदाबद्दल, मी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी सरांना सांगितलं, "सर, फिलोला मी सांगितलं होतं. तोंडी. माप माझं आहे."

ते बराच वेळ पेन उघडमीट करत राहिले. "गायकवाड, कशाला? तुमचं नाव दिलं म्हणजे ऑफिसचं नाव गेलं. तुम्ही आमचे तपासणारे. तपासणाराच न सांगता बदल करतो म्हटल्यावर ते आपल्याला पुढचं काम देतील?" त्यांचंही चूक नव्हतं. पुढच्या टप्प्यावर आमच्या नऊ माणसांचे वर्षभराचे पगार उभे होते. मला ते आकडे त्यांच्याइतकेच पाठ होते. तरी त्या संध्याकाळी सहा वाजता मी माझ्या नावाने किर्स्टनला मेल पाठवली. तीन ओळी. बदल मी केला. फिलोमिना परेरा यांनी माझ्या सांगण्यावरून फक्त रेघ ओढली. तुम्हाला कळवलं नाही ही चूक माझी.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. उघडलं, तर यंत्राने पाठवलेलं: मी सुट्टीवर आहे, सोमवारी एकवीस तारखेला परत येईन.

दहा दिवस! माणूस कबुली देतो आणि समोरचा सुट्टीवर. पुढे किर्स्टनकडूनच कळलं की तिकडे ऑक्टोबरच्या मध्यावर शाळांना आठवडाभर सुट्टी असते. पूर्वी पोरं त्या दिवसांत शेतात बटाटे काढायला जात, म्हणून तिला बटाट्याची सुट्टी म्हणायचे. आता बटाटे कोणी काढत नाही, पण आईबापही पोरांबरोबर घरी राहतात आणि मेल उघडत नाहीत. खरंच उघडत नाहीत. आमच्या नितीन सरांनी वडिलांच्या दहाव्याला घाटावरून सुताराला माप सांगितलं होतं.

शनिवारी दसरा. भाऊ नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता, त्याने तिथून फोन केला. मागे माणसांचा समुद्र ऐकू येत होता. "अशोक, आला नाहीस?" "ऑफिसचं आहे रे." "दसऱ्याला कसलं ऑफिस?" मी विहारात जाऊन आलो, पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. वंदनेला बसलो तेव्हा सगळे जमिनीवर मांडी घालून बसलेले, आणि माझे डोळे त्यांच्या गुडघ्यांवर. त्या आठवड्यात मी जिथे जाईन तिथे माणसं कशी बसतात तेवढंच बघत होतो. बँकेत, मेट्रोच्या फलाटावर, चर्चच्या पायऱ्यांवर.

मंगळवारी फिलोमिनाला कळलं. सरांनीच सांगितलं असावं. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"कोणी सांगितलं होतं तुला हिरो बनायला?"

"फिलो, माप माझंच..."

"माहितेय मला कोणाचं ते. सात तारखेला बोलला असतास तर झकास होतं. आता चार दिवसांनी सांगितलंस, त्यातले तीन दिवस मी घरी मम्मीला सांगत होते की ड्रॉइंगवर नाव माझं, आता माझं कंत्राट जाणार म्हणून." ती जायला वळली आणि परत आली. "आणि तेव्हा विचारलं होतं मी, लिहू का म्हणून. विचारलं होतं ना?"

"विचारलं होतंस."

"हं," ती म्हणाली, आणि तिने त्या दिवशी डबा एकटीने खाल्ला.

एकवीस तारखेला दुपारी बाराला किर्स्टनचं उत्तर आलं. मी ते उघडायच्या आधी उठून पाणी पिऊन आलो. दोन ओळी होत्या. "आभार, अशोक. मग तूच सांगू शकशील: पंचावन्न का?"

मी ते नितीन सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "एवढंच? आणि कारवाई?" कारवाई नव्हती. आम्ही पंधरा दिवस ज्या प्रश्नाने घाम गाळला तो प्रश्न तिच्या लेखी वेगळाच होता. "कोणी बदललं?" म्हणजे आपल्याकडे मान कोणाची धरायची. तिच्याकडे "कोणी बदललं?" म्हणजे मी फोन कोणाला लावू. तिला माणूस हवा होता तो कारण विचारायला. आम्ही तिला माणूस देणार होतो तो कारणाशिवाय, हातपाय बांधून. सरांनी तो कागद माझ्याकडून परत मागून घेतला आणि फाडला. फिलोमिनाचं कंत्राट एक नोव्हेंबरपासून वर्षभर वाढलं.

मी कारण लिहिलं. आईचं नाव न घालता, पण तिचा गुडघा घालून. लिहायला दीड दिवस लागला. किर्स्टनने कळवलं, मी दिवाळीनंतर येते, ते बाक हॉलमध्ये ठेवा, आपण बसून बघू.

ती आली. सहा फुटांना दोन इंच कमी. नोव्हेंबर लागला तरी उकाडा हटला नव्हता. तिचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता आणि ती नुसतं कोमट पाणी पीत होती. दोन दिवस आम्ही तिघं त्या हॉलमध्ये बसलो. केस-पेपरची खिडकी, औषधांचा वास, फिनेल, पुकारले जाणारे नंबर. बसायचं, बघायचं, लिहायचं. मी वहीत दोन रकाने केले: मांडी, आणि मांडी नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्या बाकांवर एकशे एकतीस माणसं बसली. मांडी घातली बावीस जणांनी.

बावीस. मला वाटलं होतं, निदान निम्मे. आकडा मी पुन्हा मोजला. मी सगळ्या गोष्टी मोजणारा माणूस, आणि ही एक गोष्ट न मोजता, एका माणसाच्या आठवणीवर, बारा बाकांत घालून मोकळा झालो होतो. वर, उरलेल्या एकशे नऊ जणांची पाठ टेकत नव्हती. फळी इतकी रुंद, की माणसं पुढच्या कडेवर बसत आणि मागे पोकळी राही. एका बाईने त्या पोकळीत आपली पिशवी कोंबली आणि तिला टेकली.

दुपारी गोवंडीहून आलेली एक मावशी फिलोमिनाच्या शेजारी येऊन बसली. चपला काढल्या, पाय वर घेतले.

"काय लिवताय बाई मगापासून?"

"बाकाचं लिहितोय मावशी. कसा आहे बाक?"

"बाक चांगलाय की. पाय कुठं ठिवू ते सांगा."

फिलोमिनाने वाकून पाहिलं. मग ती उठून माझ्याकडे आली आणि आपली वही पुढे केली. तिच्या वहीत तिसरा रकाना होता, सकाळपासून भरत आणलेला. पाय जमिनीला पोचत नाहीत. बावीसपैकी एकोणीस.

"लोक मांडी आवडीने घालत नाहीयेत गायकवाड. पाय लोंबकळतात म्हणून वर घेतात. रुंदी नाही रे, उंची चुकलीय. पंचेचाळीस उंच आहे हा बाक. तो तिच्या मापाचा आहे," तिने मानेने किर्स्टनकडे खूण केली. किर्स्टन तिथे आरामात बसली होती, दोन्ही टाचा फरशीवर टेकलेल्या.

मी त्या मावशीच्या चपलांकडे बघत राहिलो. आई पाच मिनिटं पाय लोंबकळत ठेवायची, मग वर घ्यायची. चार वर्षं, दर महिन्याला. मी तिचा गुडघा धरला. पायांखाली मी कधी पाहिलंच नाही. एखादा पाट जरी नेला असता तरी.

"फिलो, हे तुला आज कळलं?"

"आज कशाला? तू पंचावन्न कर म्हणालास तेव्हाच डोक्यात आलं. माझी मम्मी पण बुटकीच आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तपासणारा. मी कशाला शहाणपणा करू?" आणि मग, आवाज न चढवता, "तू बोललास काय त्यांना?"

तिकडून किर्स्टन आली आणि काय चाललंय म्हणून विचारलं. फिलोमिनाने वही तिच्या हातात दिली आणि आपल्या इंग्रजीत, न अडखळता, सगळं सांगितलं. किर्स्टन ऐकत गेली. शेवटी म्हणाली, "पंचेचाळीस आमचं माप. सहा महिने ते तुमच्याकडे होतं. तुम्ही छान म्हणालात."

यंदा एका दुसऱ्याच देशातल्या कंपनीचं काम आमच्याकडे आहे. मी हल्ली दर बदलाला ढग काढतो. नितीन सर म्हणतात, "गायकवाड, आभाळ भरून आणलंत." पण हे अंगवळणी पडलं असं म्हणू शकत नाही. लाल पेन उचललं की अजून मोठ्यांसमोर पाय पसरून बसल्यासारखं वाटतं. अदब वाईट होती असंही मला वाटत नाही; तिच्या जोरावर माणसं माझ्या ऑफिसात चौदा-चौदा वर्षं भांडण न करता बसली. पण भांडण न करता फिलोमिना काय काय गिळून बसली असेल, ते आता मोजता येणार नाही. संध्याकाळी वास आला की मी उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. सुनंदा म्हणते, "बसा हो एका जागी."

तेव्हा त्या बाकांची उंची चाळीस करायची ठरली, रुंदी पुन्हा बेचाळीस. सुतार इक्बालभाई टेप गळ्यात अडकवून म्हणाले, "गायकवाड साहेब, आधी वाढवा म्हणता, मग कापा म्हणता. सरकारी काम आहे का?" कापायचे बाकामागे चोवीसशे, बारा बाकांचे अठ्ठावीस हजार आठशे. ते इक्बालभाईंना मिळाले. किर्स्टनने सुचवलं, उंची आमची, रुंदी तुमची, तेव्हा अर्धे अर्धे. आमच्या वाट्याचे चौदा हजार चारशे माझ्याकडून घ्या असं मी नितीन सरांना म्हणालो. वाटलं होतं, ते नको म्हणतील. त्यांनी घेतले. ते बरंच झालं.

हॉलमध्ये बसून राहिल्याचेही पैसे असतात हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांच्याकडे ते काम धरतात. तासाला दीड हजार, थेट माणसाच्या नावावर. माझे तास अकरा. तीन तास मी चहावर आणि सरांच्या फोनवर होतो, ते लावले नाहीत. माझे साडेसोळा हजार झाले. चौदा हजार चारशे वजा जाता हातात आले दोन हजार शंभर.

दुसरी पावती होती तिच्यावर कामाच्या रकान्यात किर्स्टनने इंग्रजीत तीनच शब्द लिहिले होते. पावत्या तपासायचं काम माझ्याकडेच असल्याने ते मी मराठीत वहीत उतरवून घेतले. फिलोमिना परेरा. चौदा तास. बघणं आणि सांगणं. एकवीस हजार रुपये, पोचले.